शरण आलेल्या माणसाची जबाबदारी

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
उत्तर अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळे



गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या प्रकारची निमंत्रणे येऊ लागली आहेत. ढोल-ताशाच्या सरावाची वेळ, कोणाकडे तरी उकडीच्या मोदकांची ऑर्डर, मुलांच्या मराठी शाळेची नोंदणी आणि त्यांच्या मधेच 'सेक्रेड मशरूम सर्कल' किंवा 'प्लांट मेडिसिन रिट्रीट'. वर ॐ, शेजारी ध्यानस्थ शंकर, खाली डोंगरातल्या एखाद्या लॉजचे नाव आणि शनिवार-रविवारच्या तारखा. असे निमंत्रण येऊन गेले की मला फोन येतात. मी डेन्व्हरमधल्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. कोणते औषध कोणत्या औषधाबरोबर चालत नाही, हे पाहणे माझे रोजचे काम. फोनवर पहिला प्रश्न असतो, "ताई, हे आता कायदेशीर आहे ना?" आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढचे वाक्य येते, "मंडळाच्या ग्रुपवर आलंय म्हणजे लोक ओळखीचेच असणार."

हे दुसरे वाक्य ऐकल्यापासून आपल्याला लिहायचे मनात होते. परक्या देशात माणूस डॉक्टर, वकील, घर शोधून देणारा एजंट हे सगळे मंडळाच्या ओळखीतून निवडतो. ग्रुपवर आलेला निरोप मंडळाने पारखून घेतला आहे, असे तो धरून चालतो. म्हणून हा विषय आपल्या दारात आला आहे, आपण बोलावले असो वा नसो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या औषधांविरुद्ध माझी मोहीम नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या चमूने २००६ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ३६ धडधाकट स्वयंसेवक होते. अशा मशरूममधले सायलोसायबिन हे द्रव्य घेतल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांमध्ये गणला. २०१६ साली हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी कर्करोगाच्या रुग्णांमधली मृत्यूची धास्ती आणि नैराश्य या औषधाने कमी झाल्याचे दिसले. पण २००६ च्या त्याच अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लोकांना सत्राच्या काही भागात तीव्र भीतीने घेरले होते. त्यांची आधी कसून तपासणी झाली होती, कित्येक तास पूर्वतयारी झाली होती आणि खोलीत प्रशिक्षित सोबती होते, म्हणून ती भीती भीतीच राहिली, अनर्थ झाला नाही. औषध प्रभावी आहे, आणि जे प्रभावी असते ते देणाऱ्यावर जबाबदारी टाकते. माझे सगळे म्हणणे या जबाबदारीबद्दल आहे.

आता कायद्याचे. ऑरेगॉनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मेझर १०९ मंजूर केले आणि २०२३ साली तिथे सायलोसायबिनची परवानाधारक केंद्रे सुरू झाली. कोलोरॅडोने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रपोझिशन १२२ मंजूर केले. इथली हीलिंग सेंटर २०२५ पासून चालू आहेत. ऑरेगॉनचे नियम वाचण्यासारखे आहेत. येणाऱ्याचे वय किमान २१ हवे. औषध घरी नेता येत नाही, केंद्रातच घ्यायचे. बरोबर बसणाऱ्याला, म्हणजे फॅसिलिटेटरला, १२० तासांचे शिक्षण आणि त्याखेरीज प्रत्यक्ष सराव पूर्ण करावा लागतो. औषधाआधी पूर्वतयारीची बैठक सक्तीची आहे. गेल्या ३० दिवसांत लिथियम घेतलेल्याला किंवा सायकोसिसचा इतिहास असलेल्याला आत घेता येत नाही. घरी कसे जाणार, हे आधी लिहून द्यावे लागते. आणि स्पर्श! आधार म्हणून हात धरायचा किंवा खांद्यावर हात ठेवायचा, तर त्याचीही लेखी संमती औषध घेण्यापूर्वी लागते.

कोलोरॅडोत मात्र दुसरेही एक दार आहे. २१ वर्षांवरील माणसाने स्वतःपुरते बाळगणे आणि पैसे न घेता दुसऱ्याला देणे, हा इथे राज्याच्या कायद्याने गुन्हा राहिलेला नाही. शिवाय धार्मिक, पारंपरिक किंवा आध्यात्मिक समारंभाला परवान्याच्या अटीतून सूट आहे. चालवणाऱ्याने फक्त दोन गोष्टी पाळायच्या: मी परवानाधारक नाही हे येणाऱ्याला सांगायचे, आणि समारंभ धंद्याचा भाग होऊ द्यायचा नाही. या सवलतीमागचा हेतू चांगला आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे लोक ही औषधे पूज्य मानत आले, त्यांना सरकारी तपासनीसापुढे उभे राहायला लागू नये, हे योग्यच. पण घोडे पेंड खाते ते इथेच. परवानाधारक केंद्रावर जे जे बंधन आहे, त्यातले जवळपास काहीच या दुसऱ्या दारावर नाही. तपासणी नाही, प्रशिक्षणाचा दाखला नाही, तक्रार घ्यायला कोणी नाही. शुल्काच्या जागी दक्षिणा येते, आणि दक्षिणा दिलेला माणूस 'माझे पैसे परत द्या' असेही म्हणू शकत नाही.

म्हणजे जिथे माणूस सर्वांत जास्त विश्वासाने जातो, तिथे त्याला संरक्षण सर्वांत कमी. माझे मत याच्या नेमके उलट आहे. समारंभ जितका पवित्र म्हणवला जाईल, तितके चालवणाऱ्यावरचे बंधन घट्ट हवे. कारणे सांगते.

सायलोसायबिनचा अंमल साधारण सहा तास राहतो. त्या वेळात 'मी' आणि बाकीचे जग यांतली सीमा पातळ होते. समोरचा जे बोलेल ते खोल जाते आणि पुष्कळदा सत्य म्हणून बसते. रडू येते, लहानपण वर येते, कोणीतरी जवळ घ्यावे असे वाटते. अशा अवस्थेतल्या माणसाने कशालाही 'हो' म्हटले, तरी ते होकार म्हणून धरता येत नाही. दवाखान्यात समोर डॉक्टर असतो, त्याच्या बोलण्याचे वजन डॉक्टरच्या बोलण्याइतके. समारंभात समोर गुरू असतो. तिथे त्याचे बोलणे ईश्वराच्या बाजूने आल्यासारखे वाटते. एकाच माणसाच्या हाती औषध आणि देव, दोन्हींचा अधिकार आला, की त्याला आवरणारे कोणी तरी बाहेरचे असायलाच हवे.

पवित्र वातावरण आपोआप सांभाळून घेते, हा समज जुना आहे आणि तो खोटा ठरल्यालाही साठ वर्षे उलटून गेली. २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पाह्नके या डॉक्टरने धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांना बसवले. निम्म्यांना सायलोसायबिन दिले, निम्म्यांना दुसरीच गोळी. वर मुख्य चर्चमध्ये चाललेली प्रार्थना त्यांना खाली ऐकू येत होती. जागा पवित्र, दिवस पवित्र, माणसे श्रद्धावान, हाताशी डॉक्टर. औषध मिळालेल्यांपैकी बहुतेकांना गूढ अनुभव आला आणि तो प्रयोग जगभर गाजला. पाव शतकानंतर रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना शोधून काढले आणि १९९१ साली जे छापले, त्यातून एक दडलेली गोष्ट बाहेर आली. एका विद्यार्थ्याची अवस्था इतकी बिघडली होती, की त्याला आवरून थोराझिन या शामक औषधाचे इंजेक्शन द्यावे लागले. पाह्नके यांच्या प्रबंधात याचा उल्लेखच नव्हता. प्रयोग करणारे लोक वाईट नव्हते. आपल्या कामाच्या चांगुलपणावर त्यांचा इतका विश्वास होता, की त्याला छेद देणारी घटना त्यांनी गाळली. आजही समारंभ चालवणाऱ्या कोणालाही विचारा, अनुभव सुंदर होता असे सांगणारे दहा जण तो उभे करील. बिघडले त्यांचे काय झाले, हे विचारावे लागते.

परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी परंपरा काय करते तेही पाहावे. नेटिव्ह अमेरिकन चर्चची १९१८ साली ओक्लाहोमात रीतसर नोंदणी झाली आणि १९९४ च्या दुरुस्तीने आदिवासी जमातींच्या पेयोटे या निवडुंगाच्या विधीला केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले. टिपीमध्ये रात्रभर चालणाऱ्या त्या विधीत रोडमॅन प्रमुख असतो, पण एकटा नसतो. ढोल वाजवणारा वेगळा, देवदाराचा धूप घालणारा वेगळा, अग्नी आणि दार सांभाळणारा वेगळा. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. उद्या सकाळी त्यांना त्याच वस्तीत तोंड दाखवायचे असते. ब्राझीलमध्ये १९६१ साली जन्मलेल्या उनिआऊं दु वेजेताल या पंथाचा आयाहुआस्का हा विधीतला काढा अमेरिकी अधिकाऱ्यांनी १९९९ साली जप्त केला, तेव्हा हा पंथ न्यायालयात गेला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयात एकमताने जिंकला. पण त्याच ब्राझीलने २०१० साली आयाहुआस्काच्या धार्मिक वापराचे नियम काढले, त्यांत पंथांचाही आवाज होता. विक्री नको, जाहिरात नको, पर्यटनाचा बाजार नको, नवख्या माणसाची आधी मुलाखत घ्या. धर्मस्वातंत्र्य आणि शिस्त यांत तिथे कोणाला विरोध दिसला नाही.

परंपरेचे दार जबरदस्तीने उघडले की काय होते, हे मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या मारिया साबिना यांच्या वाट्याला आले. वाउतला गावात रात्री बसून त्या आजाऱ्यांसाठी मशरूमचा विधी करीत. गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर १९५५ साली तिथे पोचला. मुलाची काळजी वाटते असे निमित्त त्याने सांगितले आणि विधीत बसून घेतले. १९५७ साली 'लाइफ' मासिकात त्याचा लेख आला. नाव बदलले होते, तरी गाव लपले नाही. परदेशी लोकांची रीघ लागली, मागोमाग पोलीस आले, गावकऱ्यांचा रोष या बाईवर फिरला आणि तिचे घर जाळले गेले. तिचा विधी आजाऱ्यांसाठी होता. देव शोधायला आलेल्या परक्यांना त्यात जागा नव्हती. आज आपल्या ग्रुपवर येणाऱ्या निमंत्रणांत तिचा फोटो कधी कधी असतो. तिची भाषा, तिचे गाव, तिचे झालेले नुकसान, यातले काहीच नसते.

मग हे सगळे डॉक्टरांकडे सोपवले की प्रश्न सुटला? तसेही नाही. कॅनडात मॅप्स या संस्थेच्या, एमडीएमए या औषधाच्या चाचणीत २०१५ साली एका महिलेच्या सत्रात दोन थेरपिस्ट होते. दोन जण असले की एकमेकांवर नजर राहते, असा नियमामागचा विचार. पण ते दोघे नवरा-बायको होते. तिला दाबून धरले गेले, नको ते स्पर्श झाले, आणि सत्रांनंतर त्यांच्यातल्या पुरुषाने तिच्याशी शरीरसंबंध ठेवले. पुढे सत्राचे चित्रीकरण लोकांसमोर आले, म्हणून काय घडले यावरचा वाद मिटला. नाहीतर तिचा शब्द आणि त्यांचा शब्द एवढेच उरले असते. २०२४ साली 'सायकोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकाने या प्रकरणाशी संबंध असलेले तीन शोधनिबंध मागे घेतले. डोंगरातल्या लॉजवर होणाऱ्या समारंभात ना चित्रीकरण असते, ना मागे घ्यायला कोणता शोधनिबंध.

आता आपल्याबद्दल बोलते, कारण यात आपली म्हणून एक कच्ची बाजू आहे. समारंभ चालवणारा अमेरिकी असो की आपल्यातलाच, तो आपले शब्द वापरतो. शरणागती, प्रसाद, प्रारब्ध, गुरुकृपा. हे शब्द आपल्याला आजी-आजोबांकडून मिळाले, त्यामुळे त्यांच्यापुढे आपण आपोआप हात जोडतो. रात्री भीती वाटली तर "तुझा अहंकार सुटत नाही". सकाळी कोणी तक्रार केली तर "तुझे कर्म वर येते आहे". असे उत्तर मिळाले की विचारणाराच दोषी ठरतो. आपली परंपरा मात्र असे डोळे झाकायला सांगत नाही. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणावर एक अख्खा समास खर्च केला, तो गुरू पारखून घ्यावा म्हणूनच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. देवाच्या नावाने होणारे शोषण हा गुन्हा आहे, हे त्या राज्याने कागदावर लिहून ठेवले. पुण्यात जन्मलेले, मेहेराबादचे मेहेरबाबा यांनी तर १९६६ सालीच 'गॉड इन अ पिल?' या पुस्तिकेतून पाश्चात्त्य तरुणांना बजावले की एलएसडीच्या वाटेने अध्यात्म हाती लागत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या उपयोगाला त्यांनी हरकत घेतली नव्हती. त्यांचा निर्वाळा मानायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण अध्यात्माच्या घरातून हा प्रश्न विचारला गेला होता, हे विसरू नये.

एक उदाहरण देते. ओळखीतल्या एकाने मागच्या वर्षी मला एका रिट्रीटचा अर्ज पाठवला आणि विचारले, भरू का? अर्ज चांगला दोन पानांचा होता. आहाराचे रकाने पाच: शाकाहारी, वीगन, जैन, ग्लुटेन चालत नाही, शेंगदाणे चालत नाहीत. योगा मॅट आणणार की तिथली घेणार. टी-शर्टचे माप. आपला हेतू शंभर शब्दांत. शेवटी हमीपत्र, की काहीही झाले तरी आयोजक जबाबदार नाहीत. औषधे कोणती घेता, हा प्रश्न दोन्ही पानांवर कुठेही नव्हता. समारंभ आयाहुआस्काचा होता, आणि हा गृहस्थ दोन वर्षांपासून नैराश्यासाठी सर्ट्रालिन घेत होता.

इथे माझा पेशा मला गप्प बसू देत नाही. आयाहुआस्काच्या काढ्यात दोन वनस्पती असतात. एकीत डीएमटी असते. दुसरी, म्हणजे वेल, शरीरातले मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर अडवते, म्हणूनच तोंडावाटे घेतलेले डीएमटी टिकते. पण ते विकर अडलेले असताना शरीरात सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी गोळी असेल, तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला चढू शकते: ताप, थरथर, स्नायूंची ताठरता, आणि वेळेत रुग्णालय गाठले नाही तर मृत्यू. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे साधे औषध यांचाही तोच धोका. आदल्या आठवड्यात गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हाही उपाय नव्हे. फ्लुओक्सेटिन तर शरीरात कित्येक आठवडे राहते, आणि नैराश्य उलटून येते ते वेगळेच. सायलोसायबिनबरोबर लिथियम घेणाऱ्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. आयाहुआस्का आणि सायलोसायबिन दोन्ही रक्तदाब आणि नाडी वाढवतात, तेव्हा हृदयविकार असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये. स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असेल, तर जाऊच नये. आपल्याकडे घरातली ही माहिती लग्न ठरवताना लपवतात, ती अर्जात कशी लिहिणार? म्हणून अर्जावर भागत नाही. समोर बसून, धीर देऊन, दोनदा विचारावे लागते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला आदल्या दिवशीपासून उपास आणि रात्री उलट्या हे किती महागात पडते, हे आपल्या घराघरांत कळेल.

आणखी एक प्रश्न त्या अर्जात नव्हता, आणि तो आपल्या लोकांसाठी औषधांइतकाच महत्त्वाचा आहे: तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात? सायलोसायबिन, डीएमटी, एमडीएमए हे सगळे केंद्रीय कायद्याने आजही पहिल्या अनुसूचीतले बंदी असलेले पदार्थ आहेत. इमिग्रेशन केंद्राचा विषय आहे, राज्याने काय माफ केले याला तिथे किंमत नाही. ग्रीन कार्डच्या अर्जात अमली पदार्थांचा कोणताही कायदा मोडला आहे का, असा थेट प्रश्न असतो. अटक नाही, खटला नाही, तरी नुसत्या कबुलीवर प्रवेश नाकारता येतो. आणि खोटे उत्तर देणे हा आणखी मोठा अपराध. एच-१बी वर असलेल्या, दहा-दहा वर्षे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे न सांगता ज्याने कप हातात दिला, त्याने त्याची खरी संमती घेतलीच नाही. भारतात जाऊन करू म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे: १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात हे पदार्थ आहेत, आणि गोवा किंवा लोणावळा त्याला अपवाद नाही.

मग चांगला मार्गदर्शक ओळखायचा कसा? तो घाई करत नाही. समारंभाच्या काही आठवडे आधी भेटतो, औषधांची यादी मागतो, तुमच्या डॉक्टरशी बोलायला सांगतो. मागच्या वर्षी किती जणांना नाही म्हटले, हे विचारल्यावर त्याला उत्तर देता येते. ज्याने कोणालाच कधी परत पाठवले नाही, तो तपासणी करतच नाही. तो कोणाकडे, किती काळ शिकला हे सांगतो, आणि त्याची चूक झाली तर त्याला जाब विचारणारे कोणी आहे, त्या माणसाचे नावही देतो. खोलीत दुसरा जबाबदार माणूस असतो, तो त्याचा जोडीदार किंवा शिष्य नसतो. स्त्रिया येणार असतील तर खोलीत स्त्री असते. स्पर्शाचे बोलणे आधी होते, कागदावर येते, आणि आधी 'हो' म्हटलेले सत्रात 'नको' म्हणून बदलता येते. आधी 'नको' म्हटलेले सत्रात 'हो' करता येत नाही. कोणाला, कधी आणि किती औषध दिले, याची नोंद राहते. जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे हे त्याला ठाऊक असते, आणि ॲम्ब्युलन्स बोलावली तर पोलीस येतील या भीतीने तो थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी तो फोन करतो, आठवड्याने पुन्हा करतो. हे सांगण्याचे कारण असे, की पुष्कळदा खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. झोप उडते, जुने दुःख वर येऊन बसते, सोमवारी ऑफिसात मीटिंग असते आणि घरात कोणाला सांगितलेले नसते. काहींना त्या उमाळ्यात नोकरी सोडाविशी वाटते, संसार मोडावासा वाटतो, सगळी बचत आश्रमाला द्यावीशी वाटते. चांगला मार्गदर्शक सांगतो, काही महिने कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. तो स्वतःसाठी काही मागत नाही, ना पैसा, ना सेवा, ना शरीर, ना पुढच्या तीन समारंभांचे आगाऊ पैसे. आणि समारंभ संपला की तो तुम्हाला तुमच्या माणसांत परत पाठवतो, स्वतःभोवती गोळा करत नाही.

मंडळांनी आता काय करावे, याबद्दल माझी विनंती आहे. मंडळाच्या ग्रुपवर, वार्तापत्रात आणि अधिवेशनाच्या स्टॉलवर अशा कोणत्याही समारंभाची जाहिरात, आयोजकाची लेखी उत्तरे आल्याशिवाय येऊ देऊ नका. परवाना आहे का. नसेल तर तसे जाहिरातीत छापले आहे का. आरोग्याची तपासणी कोण करते. खोलीत कोण कोण असते. तक्रार कोणाकडे करायची. उत्तर नाही, तर जाहिरात नाही. आयोजक आपल्याच मंडळाचा जुना कार्यकर्ता असला, तरी हाच नियम. मंडळाच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेबरोबर या विषयावरही एक तास ठेवा. आपल्यात डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका, फार्मासिस्ट भरपूर आहेत, बोलावले तर येतील. इमिग्रेशनचा एखादा मराठी वकीलही त्या दिवशी बोलावा. आणि प्रत्येक मंडळाने दोन माणसे नेमावीत, त्यांतली एक स्त्री असावी, ज्यांना समारंभात काही वाईट घडलेला माणूस रात्री-अपरात्री फोन करू शकेल. तिथे गेलासच कशाला, असा प्रश्न त्यांनी विचारू नये. आधी डॉक्टर, मग वकील, मग पोलीस, यांतले काय हवे तेवढे पाहावे, आणि घडलेली गोष्ट गावभर होऊ देऊ नये.

लाजेपायी आपली माणसे बोलत नाहीत आणि त्या गप्प बसण्यावर वाईट मार्गदर्शकांचे चालते. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या, ठराव करा आणि तो सदस्यांना कळवा. ठरावाचा मसुदा, आयोजकांना विचारायची प्रश्नावली आणि औषधांची यादी मी मराठीत करून देईन. कोणत्याही मंडळाने मागावी.

आपली,
कोलोरॅडोतील एक मराठी फार्मासिस्ट